आरशांची बाही

विमान नीट उतरलं होतं, हे आधी सांगून टाकतो. बिघडलं ते उतरल्यावर.

चाकं जमिनीला लागली, मागे धूळ उठली आणि मी लुनाच्या सीटवर बसल्या बसल्या, एका हातानं डोक्यावरची टोपी धरून, धावपट्टीच्या चौकीदाराला, धरमसिंगला म्हणालो, "घे, आली तुझी पाहुणी." विमान थांबायचं सोडून पळतच होतं. अर्धी पट्टी गेली, आणखी गेली, तरी पळत होतं. मग कोणी बाजूनं ढुशी द्यावी तसं त्याचं शेपूट सरकलं, नाक भलतीकडे वळलं, एक पंख जमिनीला घासतो की काय इतका झुकला, आणि दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखं ते पट्टी सोडून गवतात शिरलं. गवतातून नालीत, नालीतून तारेच्या कुंपणात, आणि कुंपणाचे खांब उपटत धरमसिंगच्या बायकोनं, धनीबाईनं, रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या गंजीत. तिथे मात्र त्याला थांबावं लागलं. त्या वर्षांत आमच्याकडे कापूस बेताचा आणि पऱ्हाटी वारेमाप, त्यामुळे धनीबाईच्या सरपणाची गंजी घराएवढी होती. विमान त्यात गळ्यापर्यंत रुतलं आणि समोरचा पंखा काड्या चघळत चघळत बंद पडला.

आता मी कोण ते सांगतो, कारण माझ्यावर विश्वास ठेवू नका असं तुम्हाला कोणी तरी सांगणारच. मी यज्ञेश्वर, पांढरकवड्याच्या तहसिलीतला निवृत्त कारकून. धरणातल्या मगरीला मी विडा खायला शिकवलं, ही गोष्ट माझी. मारेगावात असा वारा सुटला की तिथल्या कोंबड्याची बांग उडत वणीला गेली आणि वणीची माणसं त्या दिवशी लवकर उठली, हीही माझीच. या गोष्टीत मात्र कामाची थाप एकच आहे, आणि ती मारताना मी जागच्या जागी पकडला गेलो.

ती धावपट्टी पांढरकवड्याहून मारेगावकडे जाताना डाव्या हाताला होती. एका सूतगिरणीच्या मालकानं हौसेनं बांधली होती. कापसाचे दिवस फिरले, गिरणी बसली, मालक निघून गेला, पट्टी सरकारजमा झाली. मग तिच्यावर मिरच्या वाळायच्या, लग्न ठरलेली पोरं स्कूटर शिकायची, आणि अधूनमधून कापूसवाल्यांचे हाल पाहायला एखादी सरकारी समिती उतरायची. त्या वर्षांत समित्यांचं पीक चांगलं होतं. शिवाय नागपूरकडच्या एका उड्डाणशाळेची शिकाऊ पोरं छोटं विमान घेऊन एकेकटी यायची, उतरायची, धनीबाईच्या हातचा चहा पिऊन परत जायची.

धरमसिंग तिथला चौकीदार. पट्टीमागच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. हा एका जागी बसून दुसऱ्यांच्या येण्याची वाट पाहायचा. पट्टीवरची ढोरं हाकलायची, दगड वेचायचे आणि बाही सांभाळायची, एवढं काम. रोजंदारीवर लागला होता. कायम होण्याचा कागद वर गेला आहे, असं ऐकत ऐकत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

बाही म्हणजे काय, तर उंच खांबाला लावलेली कापडाची लांब नळी. वारा भरला की ती फुगते, आडवी होते, आणि वरून येणाऱ्याला कळतं की वारा कुठून कुठे आणि किती आहे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरवावं लागतं, वारा पाठीमागून लागला तर ते लवकर थांबत नाही. इंग्रजीत तिला विंडसॉक म्हणतात. धनीबाई तांड्यातल्या बायांच्या चोळ्या शिवायची. तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ती म्हणाली, ही तर बाही आहे. तेव्हापासून आम्ही सगळे बाहीच म्हणायचो.

खात्यानं कधी काळी पाठवलेली बाही उन्हानं विरून गेली. खांबावर नुसत्या चिंध्या उरल्या. धरमसिंगनं यवतमाळला निरोपावर निरोप धाडले, नवी काही आली नाही. मग दिवाळीच्या सुमारास एक मोठी समिती येणार अशी बातमी आली आणि धरमसिंगची झोप उडाली. चिंध्या दिसल्या तर साहेब लोक खात्याला विचारणार नव्हते, खांबाखाली उभा असेल त्याला विचारणार होते.

धनीबाईनं पेटी उघडली आणि लग्नातला फेटिया बाहेर काढला. फेटिया म्हणजे बंजारा बायांचा घेरदार घागरा. लाल, जाड, मुठीत न मावणारा. तिची सून बबिता बाजारातून हलक्या साड्या आणायची. फेटिया नेसून कापूस वेचायला गेलं की समितीवाले फोटो काढतात, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. धनीबाईनं फेटिया कापला, नळी शिवली, लोखंडी कड्यावर बसवून पाहिली. चोळीच्या बाहीसारखी नेमकी बसली. तिथेच थांबली असती तर मला ही गोष्ट सांगायला मिळाली नसती. पण ती तिच्यावर आरसे टाकायला बसली. मग कवड्या. मग खालच्या काठाला घुंगरांची ओळ.

मी विचारलं, "धनीबाई, हे कायले? वरून कोण पाहते?"

"वरूनच तं पाह्यतात, बाबूजी," ती सुई न थांबवता म्हणाली. "आमचे लोक बैलं लादून निघायचे तवा पुढचा बैल सजवल्याबिगर कोणी काढत नव्हतं. कपाळावर आरसे, गळ्यात कवड्या. मांगच्यायले दुरून दिसला पाह्यजे ना. वाट दाखवणारं नागडं ठेवत नाही."

मी तिला दुसऱ्या सुईत दोरा ओवून दिला.

बाही चढली आणि सगळा माळ उजळला. मी बाजारात सांगितलं की ती आदिलाबादेतून दिसते, आणि दोन माणसं खरोखर पाहायला गेली. समिती आली, तिनंही वर पाहून कौतुक केलं. शिकाऊ पोरं येता-जाता तिच्यावरून घिरटी घालायची. हिवाळ्यात आमच्याकडे वारा असा नसतोच. बाही लटकून राहायची, आणि वारा नसताना बाहीनं लटकायचंच असतं. त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही, धरमसिंगलाही नाही.

मग होळी झाली, आणि होळीनंतर वारा सुटला. त्या वाऱ्यात ते विमान उतरलं.

गंजीपाशी धनीबाई सगळ्यांच्या आधी पोचली. धरमसिंग पळत गेला आणि मी लुनावर, म्हणजे मी शेवटी. तोवर तिनं काड्या बाजूला सारून दार उघडलं होतं आणि आतल्या पोरीला काखेत हात घालून बाहेर ओढलं होतं. भैरवी तिचं नाव. विशीची असेल. कपाळावर खरचटलं होतं, बाकी धड होती. आधी दोन-तीनदा येऊन चहा पिऊन गेलेली, त्यामुळे ओळखीची.

चौकीच्या सावलीत तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं. पिऊन झाल्यावर धनीबाईनं ग्लास काढून घेतला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बसली.

"काकू, वारा नव्हता," पोरगी पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी वर दोन चकरा मारल्या. नीट पाहिलं. तुमचा तो आरशांचा विंडसॉक सरळ खाली लटकत होता. मग मी जवळच्या बाजूनं आले. उतरले पण नीट. मग कशानं ढकललं?"

धनीबाई तिची समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची ओढणी उडून तिच्याच तोंडावर आली. तिनं ती बाजूला केली. ती परत आली. मग धनीबाईनं मान वर केली.

खांबावर बाही लटकत होती. झोपलेल्या लेकराचा हात खाटेवरून लोंबावा तशी. घुंगरं तेवढी बारीक वाजत होती. खाली गवत झोपलं होतं, लिंबाची पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती, आणि मी मघापासून टोपी धरूनच होतो.

धरमसिंगनंही वर पाहिलं. धनीबाईनं ओढणी घट्ट खोचली आणि पोरीचे हात पुन्हा हातात घेतले.

संध्याकाळपर्यंत उड्डाणशाळेची जीप आली. तिच्यातून आलेल्या माणसानं आधी विमान पाहिलं, मग पोरीला पाहिलं. जाता जाता तो बोलून गेला की चौकशी होईल, आणि चूक हिची ठरली तर हिचं उडणं इथेच संपलं. पोरगी जीपमध्ये मागे बसली होती. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. धनीबाईनं ऐकलं.

चौकशी होईतो विमान गंजीतच राहिलं. आसपासच्या गावांतून माणसं पाहायला यायची आणि मी त्यांना काय काय सांगितलं ते इथे सांगत नाही. पण चौकीत मात्र कोणी हसत नव्हतं. झालं होतं असं, की धरमसिंगचा कायमचा कागद खरंच हलला होता. पावसाळ्याच्या आत सही होणार, असा निरोप यवतमाळहून त्याच महिन्यात आला होता. बाहीचं बाहेर आलं तर कागद गेला आणि कामही गेलं. नाही आलं, तर पोरगी गेली.

मी म्हणालो की गप्प बसावं. पोरगी शिकलेली आहे, घरचं बरं असेल, ती दुसरं काही तरी करील. धरमसिंगला या वयात कोण ठेवणार? बबलू, त्याचा पोरगा, तोही माझ्याच बाजूचा होता.

"मी लबाड बोलून राह्यलो नाही, बाबूजी," धरमसिंग म्हणाला. "मी बोलूनच नाही राह्यलो." आणि घमेलं उचलून तो पट्टीवरचे दगड वेचायला निघून गेला.

धनीबाई ज्वारी निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "पोरीचे हात लय थंडे होते."

मला त्या वाक्याचं लक्षण ठीक दिसलं नाही. म्हणून मी ठरवलं की दोघांनाही वाचवील अशी एक गोष्ट तयार करायची. आयुष्यभर फुकट थापा मारल्या, एखादी कामाची मारून पाहावी.

चौकशीला साकेतसाहेब आले. तरुण, सभ्य माणूस. कडुलिंबाखाली खुर्च्या टाकल्या. भैरवी आली होती, कपाळावर पट्टी होती. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि बाही लटकत होती, त्यामुळे तिच्याकडे पाहून कोणाला काही कळणार नव्हतं. साहेबांनी विचारलं, प्रत्यक्ष पाहणारं कोण? मी पुढे झालो.

मी वावटळ सांगितली. अशी सांगितली की मलाच ती दिसू लागली. विमान टेकलं तोवर सगळं शांत. मग पट्टीच्या मधोमध एकाएकी धुळीचा खांब उठला, पळसाची पानं, बबलूचा गमछा, सगळं गरगर फिरायला लागलं आणि त्या भोवऱ्यानं विमानाचं शेपूट धरून त्याला फेकलं. साहेब लिहून घेत होते. चार माणसं माना डोलवत होती. आणि नेमका तिथे मला मोह आवरला नाही. मी म्हणालो की त्या भोवऱ्यात एक जिवंत कोंबडी होती आणि ती अंडं घालून खाली उतरली.

साहेबांचा ड्रायव्हर पांढरकवड्याचा होता. तो मागून म्हणाला, "साहेब, हे थेच बाबूजी आहेत. मगरीले विडा खाऊ घालणारे."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. कोंबडी घातली नसती तर वावटळ खपली असती, असं मला अजून वाटतं.

पण खपली नसतीच. कारण भैरवी उभी राहिली आणि म्हणाली, "वावटळ नव्हती, सर. असती तर मला धूळ दिसली असती." बघा, जिला वाचवायला निघालो तीच. धरमसिंगनं मान खाली घातली.

"वावटळ नव्हती," साहेब सावकाश म्हणाले, "आणि साधा वाराही नव्हता, असं तुमचं म्हणणं. पण त्या दुपारी या सगळ्या भागात वारा होता, त्याची नोंद आहे. मग एकच अर्थ होतो. तुम्ही उतरण्याआधी वाऱ्याकडे पाहिलंच नाही. मला तसंच लिहावं लागेल."

"पाहिलं होतं," ती म्हणाली. पण अशी, की तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला असावा.

तेव्हा धनीबाई चौकीच्या उंबऱ्यावरून उठली. ती नवऱ्याला त्यांच्या बोलीत दोनच शब्द बोलली. खाली काढ, असा त्यांचा अर्थ. धरमसिंगनं तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी सांगत नाही, सांगितलं तर ती थाप वाटेल. मग तो खांबाकडे गेला आणि त्यानं दोरी सोडली. बाही घुंगरं वाजवत, चमकत, धक्क्या-धक्क्यानं खाली आली.

धनीबाईनं ती साहेबांपुढे धरली. "धरा, साहेब."

साहेबांनी एक हात पुढे केला. हात खाली गेला. त्यांना दुसरा लावावा लागला.

"हे म्या शिवलं," धनीबाई म्हणाली. "आरसे-कवड्याबी म्याच लावल्या. चांगलं दिसावं म्हणून लावल्या. जड झालं हे मले समजलं नाही. वारा होता, साहेब, लय होता. यानं सांगतला नाही. पोरीनं पाह्यलं ते खरं पाह्यलं. मंग तिची चूक कशी?"

साहेब बाही हातात फिरवून पाहत राहिले. आरशाआरशांत त्यांचं एकेक बारीक तोंड.

"ही वर कोणी चढवली?" त्यांनी विचारलं.

"म्या जी," धरमसिंग म्हणाला. "बाईले दोरी ओढता येत नाही."

कोणी तरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. ते लिहीत असताना भैरवी जवळ आली, तिनं बाहीचा काठ बोटांत धरला. धावपट्टी शोधताना ती लांबूनच ही चमक शोधायची, असं ती धनीबाईला सांगत होती. धनीबाई ऐकत होती की नाही, कळलं नाही. तिनं पोरीच्या कपाळावरची पट्टी जरा सारखी केली.

पोरगी सुटली. पुढे तिला उडू दिलं, असं ड्रायव्हरकडून समजलं. विमानही ट्रकवर घालून नेलं. धनीबाईच्या सरपणात त्याचा एक पत्रा राहिला, तो तिनं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. आणि धरमसिंगला सांगण्यात आलं की पट्टीवर आता कंत्राटाची माणसं येतील, महिनाअखेर किल्ली द्यावी. वर गेलेला कागद वरच राहिला. धरमसिंगनं कोणाला काही विचारलं नाही. नवीन बाही का पाठवली नव्हती, हे तर कोणीच कोणाला विचारलं नाही, आणि ती तेव्हाही आली नाही. साहेबांनी जुनी तेवढी परत केली होती.

वैशाखात एका सकाळी मी लुनावर गेलो, तर धनीबाई चौकीच्या पायरीवर बसलेली. मांडीवर बाही. सुईच्या टोकानं ती एकेक टाका उसवत होती. एका बाजूला फडक्यावर आरसे, दुसऱ्या बाजूला कवड्या, घुंगरं वाटीत. दोराही ती सोडत नव्हती. ओढून काढायची आणि बोटाला गुंडाळायची.

मी म्हणालो, "आता हे कायले करून राह्यल्या? काम तं गेलं."

उत्तर धरमसिंगनं दिलं. तो पट्टीवरचे दगड वेचून घमेल्यात टाकत होता. "आमचं गेलं जी. विमान तं येईनच."

त्यानंतर मी जाईन तेव्हा ती तशीच बसलेली असायची. घाईनं करत नव्हती. कापड फाटू नये म्हणून आरसा हलकेच फिरवून काढायची. मी एकदा म्हणालो की या आरशांचं तुम्ही काय करणार. बबिताला मुलगी झाली तर तिच्या टोपीला लावीन, असं ती म्हणाली, आणि मग म्हणाली की टोपीलाही जडच होतील.

किल्ली द्यायच्या दिवशी धरमसिंगनं बाही चढवली. अर्ध्यात पोचायच्या आतच ती भरली. टोकाला गेली तेव्हा पूर्ण आडवी झाली होती आणि फडफडतही नव्हती, ताठ. हिवाळाभरच्या उन्हानं कापड फिकं पडलं होतं, पण जिथे जिथे आरसे होते तिथे लाल रंग लग्नातल्यासारखाच राहिला होता. फिक्या बाहीवर गडद गोल गोल ठिपके. त्यांच्या भोवती टाक्यांची भोकं, आणि भोकाभोकातून मागचं ऊन दिसत होतं.

धनीबाई मान वर करून पाहत उभी होती. तिची ओढणी उडत होती. तिनं बाहीकडे पाहिलं, मग ओढणीच्या टोकाकडे पाहिलं. दोन्ही एकाच दिशेला होती.

मग तिनं ओढणी खोचली, आरशा-कवड्यांचं गाठोडं कमरेवर घेतलं आणि ती तांड्याकडे चालू लागली. धरमसिंग घमेलं घेऊन तिच्या मागे गेला. गाठोडं पावलापावलाला वाजत होतं. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता, म्हणून बराच वेळ ऐकू आलं.